परवान्याचे शस्त्र आणि नाक्यावरचा शिपाई

पहिल्या पानावर अग्रलेख छापण्याचा प्रसंग आम्ही सहसा येऊ देत नाही. निवडणुकीचा निकाल, दुष्काळ, दंगल अशा वेळीच ही जागा आम्ही घेतो. आजचा विषय त्या मानाने लहान वाटेल. कोठे रक्त सांडलेले नाही, कोणी मेलेले नाही, कोणाविरुद्ध गुन्हाही नोंदलेला नाही. परंतु रक्त सांडले असते तर या गावातील प्रत्येकाने त्यावर मत दिले असते, आणि ते सांडले नाही ते केवळ एका वयस्क हवालदाराच्या प्रसंगावधानामुळे, म्हणून हा विषय आम्हांस आजच घ्यावासा वाटतो.

हकिकत अशी. आमचा एक जुना विद्यार्थी (वर्तमानपत्राच्या धंद्यात पडण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो) आज कापसाच्या अडतीचा व्यवसाय करतो. अकोल्याहून अमरावतीस येताना रात्री अकराच्या सुमारास महामार्गावरील एका नाकाबंदीत त्याची गाडी थांबविण्यात आली. पंचविशीतला एक शिपाई टॉर्च घेऊन काचेपाशी आला व त्याने कागदपत्रे मागितली. आमच्या या गृहस्थाजवळ परवान्याचे रिव्हॉल्व्हर असते, आणि परवान्याचे पुस्तक त्याच चामडी पट्ट्याच्या कप्प्यात, रिव्हॉल्व्हरला खेटून ठेवलेले असते. ‘आधी परवाना दाखवू, मग बोलू’ अशा सद्‍हेतूने त्याने कोटाची बाजू वर केली व हात कमरेकडे नेला. टॉर्चच्या उजेडात शिपायास परवाना दिसला नाही, दिसली ती रिव्हॉल्व्हरची मूठ. पुढच्या क्षणी शिपायाच्या खांद्यावरची बंदूक त्याच्या हातात आली होती. दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. मागे उभा असलेला हवालदार तेवढ्यात आवाज न चढविता म्हणाला, “शेठजी, हात हाये तसाच राहू द्या, अन् काय हाये ते तोंडानं सांगा.” हात तसाच राहिला, तोंडाने सांगितले गेले, परवाना पाहिला गेला, आणि दहा मिनिटांत गाडी मार्गस्थ झाली. आमच्याकडे ही हकिकत सांगण्यास तो आला तेव्हा चार दिवस उलटून गेले होते, तरी चहाची बशी त्याच्या हातात स्थिर राहत नव्हती.

या प्रसंगात दोष कोणाचा, याचा आम्ही पुष्कळ विचार केला, आणि दोष कोणाचाच नाही या अप्रिय निष्कर्षावर आलो. अप्रिय अशासाठी की, दोषी मनुष्य सापडला म्हणजे त्यास शिक्षा करून समाधान मानता येते. येथे तसे करता येत नाही. व्यापाऱ्याने कायद्याप्रमाणे शस्त्र झाकून ठेवले होते. शिपायाने कायद्याप्रमाणे कागद मागितले. दोघेही आपापल्या जागी बरोबर असताना एकाचा जीव आणि दुसऱ्याची नोकरी जाण्याची वेळ आली होती.

शस्त्र झाकून ठेवले होते, हे वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. लपविलेले हत्यार म्हणजे गुन्हेगाराचे हत्यार, असा आपला सर्वसामान्य समज आहे. वास्तविक कायदा याच्या नेमका उलट आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील २०१६चे नियम पाहावेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे तर ते अंगास बांधलेल्या म्यानात किंवा पिशवीत असले पाहिजे, ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे, आणि बाळगणाराचा त्यावर पूर्ण ताबा असला पाहिजे, असे हे नियम सांगतात. हत्यार नाचविणे, लोकांस दाखवून धाक घालणे हे वर्ज्य आहे. नियम योग्य आहे. बाजारातून कमरेला उघडे पिस्तूल लावून हिंडणाऱ्या माणसांचा देश आपणांस नको आहे. परंतु या नियमाचा एक परिणाम असा होतो की, समोरच्या पोलिसास शस्त्र दिसत नाही, आणि जेव्हा दिसते तेव्हा ते अकस्मात दिसते. झाकण्याचा नियम करणाऱ्यांनी उघड करण्याची रीत मात्र सांगितलेली नाही. पोलिसाने अडविताच ‘माझ्याजवळ शस्त्र आहे’ असे आपण होऊन सांगितले पाहिजे, असे बंधन या कायद्यात आम्हांस कोठे आढळले नाही. अधिनियमाच्या १९व्या कलमाने पोलिसास परवाना मागण्याचा अधिकार दिला आहे. पण मागावयास आधी ठाऊक असावयास हवे, आणि ठाऊक कोणी करून द्यावयाचे, येथे कायदा मुका आहे.

ही गोष्ट आपल्या प्रांतात मूठभर लोकांची आहे, असेही कोणी म्हणेल. मूठभर असतील, पण ते कोण आहेत ते पाहावे. अकोल्याच्या कापूस व डाळीच्या बाजारातील, अमरावतीच्या सराफ्यातील काही व्यापारी, पेट्रोलपंपाचे मालक, बँकेच्या दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला निवृत्त सैनिक, ज्याची सायकल वा मोटारसायकल रात्रपाळी संपवून गावाकडे जाते, आणि खेड्यापाड्यांतील तो शेतकरी, ज्याच्या तुरीत व हरभऱ्यात रोही आणि रानडुकरे रात्रीतून महिन्याची मेहनत तुडवून जातात. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९च्या अधिनियमातच आहे. अमरावती शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, कारण जेथे आयुक्तालय आहे तेथे कायद्याच्या दृष्टीने आयुक्त हाच जिल्हा दंडाधिकारी. अमरावतीच्या ग्रामीण भागात व अकोला जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात. दोन्ही ठिकाणी ठाण्याचा अहवाल लागतो. म्हणजे ज्यास शस्त्र दिले जाते तो पोलिसांनी पारखलेला मनुष्य असतो. हाच पारखलेला मनुष्य रात्री अकरा वाजता दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत मात्र एक अनोळखी सशस्त्र इसम होतो.

शस्त्र आणि राज्यसत्ता यांचा आपल्याकडील इतिहास सरळ नाही. १८७८ साली लिटनच्या कारकीर्दीत झालेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास निःशस्त्र केले आणि युरोपियनांस मोकळे सोडले. ज्या राष्ट्रसभेचे १८९७चे अधिवेशन आमच्या अमरावतीत भरले होते, त्या राष्ट्रसभेने आरंभीच्या काळापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. १९३१च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यघटनेत मात्र तो आला नाही, आणि १९६२च्या ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमानेही शस्त्र हा हक्क न मानता परवान्याची बाब मानली. आमच्या मते हेच इष्ट झाले. पण त्या जुन्या कायद्याची एक सावली अजून उरली आहे. शस्त्र जवळ असणारा मनुष्य म्हणजे मूलतः संशयित, अशी पोलिसाची मनोवृत्ती, आणि पोलीस म्हणजे आपला मान हिरावून घेणारा, अशी बाळगणाराची मनोवृत्ती. नाक्यावर या दोन मनोवृत्तींची गाठ अंधारात पडते.

शिपायाची बाजू आम्ही आधी मांडतो, कारण आमचा वाचकवर्ग मोटारीत बसणारा आहे, रस्त्यावर उभा राहणारा नाही. नाकाबंदीस उभा असलेला महाराष्ट्राचा पोलीस एक नाव कधी विसरू शकत नाही. २००८च्या २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे अशाच नाकाबंदीस उभे होते. हातात काठी होती. गाडीतून उतरलेल्या अतिरेक्याच्या रायफलीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली व गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो अतिरेकी जिवंत हाती लागला. अशोकचक्राने त्यांचा मरणोत्तर गौरव झाला. थांबविलेल्या गाडीत कोण असू शकते, याचा हा धडा त्या रात्रीनंतर भरती झालेल्या प्रत्येक शिपायाच्या कानावर गेलेला आहे. आणि आपल्या दोन्ही शहरांनी त्यांस निवांत रात्री कितीशा दिल्या? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लावावी लागली. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली व एकाचा बळी गेला. बारा बारा तास उभे राहून डोळे तारवटलेल्या त्या तरुणाने, टॉर्चच्या वर्तुळात एकाएकी पिस्तुलाची मूठ दिसल्यावर, मनाशी तर्कशास्त्राचा पाठ म्हणत बसावे, ही अपेक्षा घरात पंख्याखाली बसून करणे सोपे आहे.

म्हणून शस्त्र बाळगणारांस आमचे पहिले सांगणे असे की, बोलण्याचे व हात न हलविण्याचे ओझे तुमच्यावर आहे. कायद्याने ते टाकलेले नसेल, पण तुमच्या गाडीत काय आहे हे जाणणारे तुम्ही एकटेच आहात. गाडी थांबवा, आतला दिवा लावा, काच खाली करा, दोन्ही हात चाकावर दिसतील असे ठेवा, आणि कागद मागितले जाण्यापूर्वीच सांगा. काय सांगावयाचे, यातही शब्दांचा क्रम महत्त्वाचा आहे. “साहेब, माझ्याजवळ पिस्तूल आहे” या वाक्यात ऐकणाराच्या कानावर आधी पिस्तूल आदळते, आणि परवाना हा शब्द येईपर्यंत तो पुढचे ऐकण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. “साहेब, मी परवानाधारक आहे. परवान्याचे शस्त्र उजव्या कमरेला आहे, परवाना शर्टाच्या वरच्या खिशात आहे. आपण सांगाल तसे करतो.” एवढे संथपणे म्हणावे आणि थांबावे. सांगितल्याखेरीज हात हलवू नये. मराठी शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या मनुष्यास वाक्यातील पदक्रमाचे महत्त्व असे सिद्ध झालेले पाहून आनंद व्हावा की भय वाटावे, हे आम्हांस ठरविता येत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि आमच्या विद्यार्थ्याची चूक म्हणावयाची असेल तर तेवढीच होती. परवाना व शस्त्र एका कप्प्यात ठेवू नये. गाडीची कागदपत्रेही शस्त्राच्या बाजूच्या खिशात नसावीत. दोन्हीसाठी हात ज्या दिशेने जाईल त्या दिशेला शस्त्र नाही, अशीच मांडणी घरून निघताना करावी. मोटारसायकलवाल्यास हे अधिकच लागू, कारण त्याचे हात चाकावर नसतात आणि जाकिटाच्या आत हात घालण्याची त्यास सवय असते. त्याने गाडी बंद करावी, स्टँडवर लावावी, हात मोकळे व समोर ठेवावेत. बरोबर बायकामुले किंवा मित्र असतील तर त्यांस आधीच सांगून ठेवावे की, अशा वेळी बोलणारा एकच असेल. मागच्या आसनावरून “अहो, दाखवा ना ते” असे कोणी म्हटले तर ‘ते’ म्हणजे परवाना हे शिपायाने कसे ओळखावे?

शस्त्र काढून दाखविण्याचा उत्साह तर मुळीच नको. ‘पाहा, गोळ्यासुद्धा काढून ठेवतो’ असे म्हणून सौजन्य दाखविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. रस्त्यावर, अंधारात, घाबरलेल्या बोटांनी गोळ्या काढण्यासारखे धोक्याचे काम दुसरे नाही. पिस्तुलाचे मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे पुष्कळांस वाटते. पण चेंबरमध्ये चढलेली गोळी तशीच राहते, आणि ती स्लाइड मागे ओढल्याखेरीज निघत नाही. रिव्हॉल्व्हरची चक्री उघडण्याची तऱ्हा निरनिराळ्या बनावटींत निरनिराळी असते. शिपायास सरकारी शस्त्राची कवायत शिकविलेली असते. कानपूरच्या कारखान्यातून आलेले.३२चे खाजगी रिव्हॉल्व्हर त्याने कदाचित कधी हातातही धरलेले नसेल. अशा वेळी शस्त्र म्यानातच राहू देणे हे दोघांच्याही हिताचे. अधिकाऱ्याने ते पाहावयाचेच ठरविले तर म्यानासह, नळी जमिनीकडे ठेवून, तो म्हणेल त्या रीतीने द्यावे, आणि ‘हे भरलेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. घरातल्या घरात, कोणी अडविलेले नसताना, कसलीही घाई नसताना काय होऊ शकते, हे १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे मुंबईत दिसून आले. चित्रपट-अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरातून गोळी सुटून ती त्यांच्याच पायात शिरली. इतक्या परिचित माणसाच्या हातून जे घडले ते महामार्गाच्या कडेला घडणार नाही, असे कोणी समजू नये.

इतके सारे नागरिकाने केले तरी पुरेसे होते का? आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली अमेरिकेत आहेत, त्यांस ६ जुलै २०१६चा मिनेसोटा राज्यातील प्रसंग आठवत असेल. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा फिलँडो कॅस्टिल हा तरुण गाडीतून जात असताना फॅल्कन हाइट्स गावी पोलिसाने त्यास थांबविले. त्याच्याजवळ शस्त्राचा परवाना होता. शस्त्र जवळ असल्याचे त्याने शांतपणे, आपण होऊन सांगितले. ‘ते काढू नको’, ‘मी काढत नाही’, अशी दोघांची बोलणी झाली, आणि तेवढ्या वेळात पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची सहचारिणी व तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी त्या पोलिसाची निर्दोष मुक्तता झाली. त्या देशात वर्णाचा प्रश्न आहे, शस्त्रांची गणती नाही, आणि आपली तुलना तेथपर्यंत नेऊ नये हे खरे. (एक गोष्ट तर नेमकी उलट आहे. आपल्याकडे गाडीतून उतरून हवालदाराकडे चालत जाणे हा विनय समजला जातो. तेथे तो हल्ल्याचा आरंभ समजला जातो. सुट्टीवर मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.) पण कॅस्टिलने सांगावयाचे ते सांगितले होते, आणि ऐकणारास ऐकावयाचे कसे हे ठाऊक नव्हते. बोलण्याची रीत एका बाजूस शिकवून भागत नाही.

येथून आमचे म्हणणे पोलीस खात्यास आहे. १९व्या कलमाचा अधिकार निःसंदिग्ध आहे, पण त्याच्या पायऱ्याही निःसंदिग्ध आहेत. आधी परवाना मागावयाचा. तो न दाखविल्यास, किंवा दाखविण्यास नकार दिल्यास, नाव व पत्ता विचारावयाचा, आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र ताब्यात घ्यावयाचे. नाव-पत्ता नाकारला, तो खोटा असल्याचा संशय आला, किंवा मनुष्य पळून जाईल असे वाटले, तर वॉरंटाशिवाय अटक. परवाना दाखविल्यावर ‘ठाण्यात चला, साहेब पाहतील’ असे म्हणून रात्र काढावयास लावणे या पायऱ्यांत कोठे बसत नाही. अपवाद २०व्या कलमाचा. शस्त्र बेकायदा कामासाठी नेले जात आहे असा सकारण संशय असेल तर परवाना असो वा नसो, अटक करता येते. पण तेथे सकारण हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि ते कारण पोलिसास पुढे न्यायालयात सांगावे लागते. शस्त्र ताब्यात घेतले तर त्याची नोंद व पावती झाली पाहिजे, हेही ओघानेच आले.

आणि येथे आम्हांस एक टोचणारी गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा विद्यार्थी ‘शेठजी’ होता. त्याची गाडी मोठी, कोट चांगला, भाषा शहरी. हवालदाराच्या त्या शांत सुरात या साऱ्याचा काहीच वाटा नव्हता, असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्याच रात्री त्याच नाक्यावर, पीकसंरक्षणाची परवान्याची ठासणीची बंदूक कापडात गुंडाळून शेतावरच्या जागलीस निघालेला एखादा गरीब शेतकरी, मेळघाटातील एखादा कोरकू, किंवा एखादा फासेपारधी मोटारसायकलवर असता तर? पारध्यांच्या कपाळी इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो पुसला. कागदावरून पुसलेला शिक्का टॉर्चच्या उजेडात अजून दिसतो, हे या प्रांतात राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. परवाना हा शेठजींच्या खिशात परवाना आणि पारध्याच्या खिशात पुरावा होत असेल, तर खात्याने आपल्या माणसांस बंदूक हाताळण्याआधी परवाना वाचण्यास शिकविले पाहिजे.

आता पुन्हा आमच्या वर्गाकडे. परवाना हा पुष्कळांच्या बाबतीत संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठी घेतला जातो, ही गोष्ट उघड आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या उडविण्याचे वेड इतके माजले की, २०१९ साली अधिनियमात दुरुस्ती करून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी स्वतंत्र शिक्षा सांगावी लागली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतील असे ठरले. जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात शेतकऱ्यांपुढे पिस्तूल नाचविल्याची चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून त्या वेळच्या एका आमदारास अटक झाली. बीड जिल्ह्यात तर हजाराहून अधिक परवाने दिले गेल्याचे उघडकीस येऊन त्यांतील अनेक रद्द करण्याची पाळी आली. ज्याच्या मनात ‘मी कोण आहे, ठाऊक आहे का?’ हे वाक्य तयार असते, त्याच्या कमरेला शस्त्र असू नये. नाक्यावर ते वाक्य उच्चारले गेले की, पुढचे कोणतेही सौजन्य उपयोगी पडत नाही. शिपायाने उद्धटपणा केला तर त्याचा बिल्ला पाहा, वेळ व जागा लिहून ठेवा, आणि सकाळी अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. शस्त्र जवळ असताना वाद घालू नका. पिऊन तर ते जवळ बाळगूच नका.

परवान्याच्या अटी न वाचणारेही पुष्कळ आहेत. परवान्यावर जेवढा प्रदेश लिहिला असेल तेवढ्यातच शस्त्र नेता येते. परतवाड्याहून बैतुलाकडे जाणारा रस्ता कधी मध्यप्रदेशात शिरतो हे गप्पांच्या नादात कळत नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा, शाळा-महाविद्यालयाचे आवार येथे शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींनीच मनाई आहे. नवरात्रातील अंबादेवीची गर्दी आणि श्रावणातील राजराजेश्वराची कावडयात्रा ही ठिकाणे त्यांत येतात, हे निराळे सांगावयास नको. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात. ते वर्तमानपत्रात येतात आणि वाचले जात नाहीत. परवाना आहे म्हणून तो आदेश आपणांस लागू नाही, असे गृहीत धरू नये, ठाण्यात विचारावे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर त्यात अपमान मानू नये. आणि एप्रिल २०२५पासून बेलोऱ्याहून मुंबईस विमान जाऊ लागले असल्याने एक नवी सूचना: हातातल्या पिशवीच्या तळाशी विसरून राहिलेले एक काडतूसही तपासणीच्या यंत्रात दिसते, आणि मग विमान निघून जाते.

शस्त्राने माणूस खरोखर किती सुरक्षित होतो, हा प्रश्न आम्ही येथे सोडविणार नाही. रोख रक्कम घेऊन रात्रीचा प्रवास करण्याची गरज बँकांनी पुष्कळ कमी केली आहे. रोह्यांपासून पीक वाचविण्याची गरज मात्र तितकीच तीव्र आहे. ज्यास खरोखर गरज आहे त्यास परवाना मिळावा, आणि मिळाल्यावर त्याने जिवंत घरी यावे, एवढेच आजचे प्रयोजन आहे.

त्यासाठी अमरावतीचे पोलीस आयुक्त, अमरावती ग्रामीण व अकोल्याचे पोलीस अधीक्षक आणि दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी यांस आमची विनंती आहे. परवाना देताना व त्याचे नूतनीकरण करताना प्रत्येक धारकाच्या हातात साध्या मराठीतील एक पत्रक द्यावे. नाक्यावर कसे थांबावे, काय बोलावे, परवाना कोठे ठेवावा, शस्त्र केव्हा काढू नये, शस्त्र ताब्यात घेतल्यास पावती कोणाकडे मागावी, एवढे त्यात असावे. तेच पत्रक नाकाबंदीस जाणाऱ्या प्रत्येक शिपायास हजेरीच्या वेळी वाचून दाखवावे, आणि त्यात त्याच्यासाठी एक वाक्य अधिक घालावे: ‘परवानाधारक आहे’ असे कोणी म्हटले की पहिले उत्तर “हात तसेच ठेवा, मी सांगतो” हे असेल. नाक्यावर एक तरी अनुभवी हवालदार असल्याखेरीज नवख्या शिपायांस बंदूक देऊन उभे करू नये. वर्षातून एकदा परवानाधारकांस पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर बोलावून, भर उजेडात, रिकाम्या शस्त्रांनिशी ही सारी तालीम दोन्ही बाजूंकडून करून घ्यावी. यास खर्च येत नाही. ज्या महामार्गावर २०२२च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांच्या आत करून जागतिक विक्रम नोंदविला गेला, त्याच महामार्गाच्या कडेला एवढी तालीम होण्यास वर्षे लागण्याचे कारण नाही.

पत्रकाचा मसुदा खात्याने तयार केल्यास तो छापण्यासाठी या पानावरील जागा आम्ही विनामूल्य देऊ. आमच्या विद्यार्थ्याने आपला परवाना आता शर्टाच्या खिशात ठेवावयास आरंभ केला आहे, आणि त्या हवालदाराचे नाव विचारावयाचे त्या गडबडीत राहून गेले, याची त्यास रुखरुख आहे. ते हवालदार हे वाचीत असतील तर त्यांनी आमच्या कचेरीत एकदा अवश्य यावे.